बेबाबाईच्या हातची लापशी

चोपड्याजवळच्या त्या गावात केळ्यांना तोटा नव्हता, तरी अंगणवाडीतली निम्मी पोरं म्हणजे नुसती हाडं. सत्त्याऐंशी साली सरकारी गव्हाची भरड आली. सेविका कुंदाबाईंनी बायांना समजावलं, गव्हानं अंगात जोर येतो, गुळानं रक्त वाढतं, वर केळं कापून घातलं की पोर भरतं.

शिजवायची बेबाबाई. लापशीचा वास आला की भरल्या पोटी भूक लागावी. पण बेबाबाई गावकुसाबाहेरची. तिच्या हातचं शिजलेलं गावातल्या पोरांना कसं चालावं? केळं मात्र चाले. सालाला म्हणे विटाळ लागत नाही! तिनं केळं सोलून लापशीवर घातलं, तर पोरांनी त्यालाही हात लावला नाही. मग कुंदाबाई म्हणाल्या, "राहू दे बेबा, केळी सालासकट वाट." लापशी बादल्या भरभरून घरोघरच्या म्हशींना जाऊ लागली. वा रे धर्म!

रुपचंद पाटलाची पमी तीन वर्षांची, पण उभी राहिली की पाय लटपटायचे. बेबाबाईला तिचा फार लळा. ही पोर जगली पाहिजे, एवढंच तिनं मनाशी धरलं. सगळे पांगले की ती पमीला चुलीमागे बसवून ऊन लापशीत केळं कुस्करून भरवायची. हळूहळू पोरीच्या गालावर तजेला आला. पमीच्या आजीला, भिकुबाईला, वाटलं नवस फळला.

एके दिवशी म्हशीसाठी बादली घेऊन आलेल्या भिकुबाईनं ते पाहिलं. तिनं पमीच्या तोंडातला घास बोटानं उकरून काढला.

"बेबे, पोरले बाटाडी दिन्हं तू!"

"अक्का, पोर भुकी शे..."

"भुकी राही, पन तुन्हा हातनं खावाव नही!"

पमीची अंगणवाडी बंद झाली. पोर पुन्हा वाळली. उन्हाळ्यात गोवर आला. भरल्या अंगाची पोरं तगली, पमी गेली.

गाव म्हणालं, बेबाच्या हातचं बाधलं. कुंदाबाई दर महिन्याला, अंगणवाडी सुटल्यावर घरी जाऊनही, पोरीचं वजन करत होत्या, त्यांना खरं माहीत होतं. पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. भिकुबाई अंगणवाडीच्या दारात येऊन ऊर बडवू लागली, "खाई गयी तू मन्ही पोरले!"

रडून रडून बेबाबाईचेही डोळे सुजले होते. आजवर गावापुढे तिनं मान वर केली नव्हती. ती उठली आणि ओरडली, "मन्हा हातनं बाधतं, ते अक्का, तुमनी म्हैस पह्यले मरी जाती!"

बेबाबाईचं काम गेलं. नवी बाई पाटलांच्या आळीतली आली. तीच भरड, तोच गूळ, वर तेच केळं. पोरं चाटूनपुसून खाऊ लागली. गावाला चुटपुट लागली ती म्हशींचं दूध आटल्याची.