वालाला पाणी घालू नये

बाळांनो, तीन आठवड्यांपूर्वी सकाळी गावाकडच्या सोनाबाईच्या सुनेचा फोन आला. "काकू, आत्या गेल्या," एवढंच ती म्हणाली; सासूला ती आत्या म्हणायची. फोन ठेवल्यावर मी आजोबांना सांगितलं. ते बराच वेळ आपल्या डाव्या पायाकडे पाहत बसले...

मागे एका वर्षी तुमच्या आजोबांची डावी बाजू लुळी पडली ती भातकापणी आटोपता आटोपता. महाडचे डॉक्टर म्हणाले, पाय सुधारेल, पण कधी ते सांगता येणार नाही. मी वेळापत्रक करून भिंतीवर लावलं. सकाळ-संध्याकाळ बगलेत हात घालून त्यांना मोजून पन्नास पावलं चालवायची. आमच्या गावी, तुडीलला, नदीवरचं धुकं नऊ वाजेपर्यंत हटत नसे. पौष आला तरी पन्नासाची एक्कावन्न होईनात. एके दिवशी आजोबा म्हणाले, "पुरे आता." त्या दिवसापासून माझ्याच्याने देवापुढे हात जोडवेनात.

सोनाबाई आमची शेजारीण, आमची शेतीही तीच करायची. भात निघाल्यावर तिने नेहमीप्रमाणे वाल टाकले होते. घरालगतचा पट्टा मला सुकल्यासारखा वाटला, म्हणून मी रोज नळीने पाणी घालू लागले. वेल पसरले, पण फूल एक नाही. तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"वयनी, येवढ्या शिकलाव आन् वालाला पानी घालताव? त्याला दव पुरतं. वरच पानी मिळालं तर मूळ खाली कशाला जाईल?"

मग ती ओटीवर आली. मी आजोबांना बगलेत धरून उभं करत होते. "सोडा त्यांना," ती म्हणाली. "आत जावन चा ठेवा."

"पडतील गं."

"पडू देत. भाऊ, पाय झोपलाय तुमचा, मेला नाय."

"आणि देवाच्या मनात नसेल तर?" मी विचारलं.

"देवाचं देव बघंल. भाऊंचं भाऊंनी बघायचं."

खिडकीतून मी पाहत होते. ते दोनदा पडले. चहा उतू गेला. तिसऱ्यांदा भिंत धरून आपले आपण उठले... शिमग्याला ते काठी टेकत होळीपर्यंत गेले. त्या संध्याकाळी मी पुन्हा देवापुढे दिवा लावला.

सोनाबाईच्या तेराव्याला आम्ही गेलो. तिच्या घराला सात उंच पायऱ्या आहेत. आजोबांनी पहिलीवर काठी टेकली, तसा माझा हात आपोआप त्यांच्या कोपराकडे गेला. तो मी मागे घेतला आणि ते वर पोचेपर्यंत पदर मुठीत धरून खालीच उभी राहिले.