आमचा फर्नेस मी दुरुस्त केला

२००५ साली आम्ही बॉथेलमध्ये घर घेतलं, तेव्हा त्यातला फर्नेस माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता. गॅसवर चालणारं ते धूड तळघरात बसून सगळ्या घराला गरम हवा पुरवायचं, आणि पुरवताना दमेकऱ्यासारखं कण्हायचं. ऑक्टोबरात तपासायला आलेला माणूस म्हणाला, आता नवीनच बसवा. माझी बायको मेधा लगेच तयार झाली. पण मी पडलो इंजिनिअर. (सॉफ्टवेअरचा. पण ते फर्नेसला कुठे माहीत होतं?) हे लोक विकायलाच येतात, मी रिपेअर करतो, असं मी तिला सांगितलं. एका शनिवारी फिल्टर बदलला. धूर बाहेर नेणारा पाइप खडखडायचा, त्याचे स्क्रू काढले, तो सरळ केला आणि जोडावर चिकटपट्टी गुंडाळली. खडखड थांबली. आठवडाभर मी छाती काढून फिरत होतो.

डिसेंबरात नागपूरहून सासूबाई आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, जिन्याखाली कुणीतरी उभं असतं. चौथ्या दिवशी ते चालायला लागलं. आम्ही ऑफिसात असताना त्यांना भरदुपारी कार्पेटवर पावलं ऐकू यायची, छातीवर दडपण यायचं, डोकं ठणकायचं. मी त्यांना जेट लॅग समजावून सांगितला. (कॉलेजात मी भानामतीविरुद्ध भाषणं दिली आहेत.) त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "बाहेर फिरायला गेलं की मला काही होत नाही. घरात पाऊल टाकलं की होतं. जे काय आहे ते घरात आहे."

इतकं नेमकं निरीक्षण आमच्या टीममध्ये कुणी केलं असतं, तर मी त्याला प्रमोशन दिलं असतं. सासूबाईंचं मी हसण्यावारी नेलं.

मग मेधाचंही डोकं दुखायला लागलं. शेजारणीचं मांजर रोज बिनदिक्कत आमच्या सोफ्यावर येऊन झोपायचं, ते आता उंबऱ्यावर थबकायचं, आत बघायचं आणि मागच्या मागे निघून जायचं.

एका रविवारी मेधा आणि सासूबाई बाजारात गेल्या होत्या. थंडीमुळे फर्नेस सकाळपासून चालू होता. दुपारच्या मळभात मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. वर पाहिलं, तर समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं. उंच, राखाडी, माझ्याकडे पाठ करून. घड्याळाची टिकटिक फार लांबून येत होती. उठावंसं वाटत होतं, पण पाय माझे नव्हते. मग त्याने हळूच घसा खाकरला.

मी कसा उठलो ते आठवत नाही. मी ड्राइव्हवेवर होतो, पावसात, नुसत्या मोज्यांवर, रामरक्षा म्हणत, तीही मधूनच. तेवढ्यात दोघींची गाडी आली. सासूबाईंनी काच खाली केली.

"दिसला?"

मी मान डोलावली.

त्यांनी कुणालाच आत जाऊ दिलं नाही. मेधा बायोटेकच्या लॅबमध्ये काम करते. एकाच घरात दोघांना भास होतात आणि तिसरीचं डोकं दुखतं म्हटल्यावर आधी हवा तपासायची, एवढं तिला कळत होतं. तिने गॅसवाल्यांना फोन केला. त्यांचा माणूस आला, दार उघडताच त्याच्या हातातलं मीटर किंचाळायला लागलं. त्याने फर्नेस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि सुकून कडक झालेली माझी चिकटपट्टी घेऊन बाहेर आला. पाइप जोडातून निसटला होता. धुरातला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, कित्येक दिवस घरातच फिरत होता. त्याला वास नसतो. आधी डोकं दुखतं, मग नाही ते दिसायला लागतं. आणखी दोन दिवस असेच गेले असते, तर बघायला कुणी उरलं नसतं, असं तो अगदी सहज म्हणाला. मग त्याने विचारलं, हे काम कुणी केलं?

मी हात वर केला. मेधा माझ्याकडे बघत होती. सासूबाई बघत नव्हत्या, ते जास्त लागलं.

हॉस्पिटलात आम्हा तिघांना ओळीने ऑक्सिजन लावला. पाइप परत जोडून भागेल का, असं मी मास्कमधून पुटपुटलो. मेधाने माझा मास्क नाकावर घट्ट दाबला आणि नव्या फर्नेसची ऑर्डर दिली.

नवीन फर्नेस बसला आणि घर शांत झालं. इतकं शांत, की एका सकाळी स्वयंपाकघरातून सासूबाईंचा फोनवरचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. नागपूरला धाकट्या बहिणीशी बोलत होत्या. तिने काय विचारलं असेल, ते उत्तरावरून कळलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या, "भूतबीत काही नव्हतं. जावईबापू होते."