चिनी अक्षरांचं इराणी ताट

मी जुन्या वस्तूंचा व्यापारी. सुरुवात भंगाराच्या हातगाडीपासून केली, आज धाराशिवात स्वतःचं दुकान आहे. हे कुणाच्या ओळखीवर झालेलं नाही, जिभेवर झालेलं आहे. आमच्या धंद्यात आवडलेल्या वस्तूला आधी नावं ठेवायची, मग उठून निघून जायचं आणि आठ दिवसांनी सहज आल्यासारखं परत यायचं. तोवर मालकाचा धीर सुटतो.

तुळजापुरात एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी मी पितळी समया बघायला गेलो होतो. तिथं त्यांच्या बाईंनी चिंच वाळत घातली होती ती परातीएवढ्या निळ्या-पांढऱ्या ताटात. गुरुजींच्या वडिलांना ते निजामाच्या काळात हैदराबादच्या कुणा अंमलदारानं दिलं होतं. चिंच बाजूला सारून मी ताट उपडं केलं आणि समया विसरलो.

ताट इराणी होतं, शेकडो वर्षांपूर्वीचं. नक्षी मात्र सगळी चिनी: ढग चिनी, बगळे चिनी. त्या काळी चिनी भांड्यांना राजेरजवाड्यांत इतका मान, की इराणचे कुंभार त्यांची नक्कल करायचे. चीनसारखी माती मिळत नव्हती, तर गारगोटी दळून काम भागवायचे. बुडाला चिनी अक्षरंही काढायचे. त्यातलं एकही त्यांना वाचता येत नसे. या ताटाच्या बुडाशी तशीच चौकोनी गिचमिड होती. टिचकी मारली तर खणखण नाही, बद्द आवाज. ही पारख मला हैदराबादच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं शिकवली होती.

मी तोंड वाकडं केलं. "गुरुजी, चायना आहे हो हे."

"चायना?"

"बुडाला लिहिलंच आहे, बघा की. नाइलाजानं घेईन, कुंडीखाली ठेवायला."

"काय सांगता शेठ! आमच्या घरात चिनी माल?"

"लई वर्षं सांभाळलंत," म्हणत मी उठलो. कुंभारानं भाव चढावा म्हणून जे लिहिलं, तेच मी भाव पाडायला वापरलं. स्वतःवर खूश होऊन मी स्टँडवर दोन कप चहा प्यायलो.

ते दिवस चिनी मालावरच्या बहिष्काराचे होते, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. आठव्या दिवशी गेलो तर गुरुजी दारात शाल-नारळ घेऊन उभे. मागं गल्लीतली दहाबारा माणसं. सगळ्यांच्या हातात मोबाइल. ते कुठं बनलेत, हे मी विचारलं नाही.

"या शेठ! तुम्ही आमचे डोळे उघडलेत. काल चौकात माझ्या हातानं फोडलं ताट. पहिला मान मलाच दिला लोकांनी."

शाल खांद्यावर पडली. टाळ्या वाजल्या.

"अहो, ते इराणचं होतं!" मी ओरडलो.

"मग त्या दिवशी चीनचं का म्हणालात?" गुरुजींनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"भाव पाडायला!" राग आला की मी खरं बोलतो, हा माझा जुना दोष.

आतून बाईंचा आवाज आला, "मागितलं असतं तर असंच दिलं असतं की. मला चिंचेला स्टीलची परात हवीच होती."

तुकडे विचारले, तर ते सकाळीच घंटागाडीत गेले होते. गुरुजींनी शाल परत मागितली. मी म्हटलं, नारळ घ्या, शाल राहू द्या. बरीच हुज्जत झाली आणि नारळावर मिटलं.

मी खोटं बोललो, कबूल. पण मी सडकं म्हणायचं, समोरच्यानं सोनं म्हणायचं आणि मध्ये कुठंतरी सौदा व्हायचा, अशी रीत आहे. तीस वर्षांत माझ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. मुख्याध्यापक राहिलेल्या माणसानं निम्मं तरी खोटं धरायला नको? गुरुजी आता रस्त्यात दिसले तर तोंड फिरवतात. मीही नमस्कार करत नाही. चूक त्यांची आहे.