लक्क्याचं काळं पीस

मयूर विहारच्या आमच्या गच्चीवर मी लक्के पाळतो. लक्का म्हणजे पंख्यासारखी शेपटी उभारून, छाती काढून मिरवणारं पांढरंशुभ्र कबूतर. उडण्यात शून्य, नखऱ्यात अव्वल. "बिल्कुल तुझ्या साहेबांसारखं," असं बायको म्हणते.

ही विद्या मला जुन्या दिल्लीतल्या एका चाचांनी शिकवली. पहिली जोडीही त्यांचीच. दर हिवाळ्यात भरणाऱ्या कबुतरांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते मेट्रोने येत आणि माझे पक्षी कोमट पाण्यात धुऊन देत. नवा पक्षी घेण्याआधी कबूतरवाले त्यांनाच विचारत. चाचांनी मान हलवली की पक्षी खरा.

त्या वर्षी माझ्या सर्वांत देखण्या नराच्या शेपटीत एक काळं पीस आलं. धुताना चाचांना ते दिसलं. "दाग है तो है. दूसरा नंबर सही," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मला पहिलाच नंबर हवा होता. ते जाताच मी पीस उपटलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षकाने शेपटी उलगडली, बोटाने चाचपली आणि ताजी खाच त्याला सापडली. पीस उपटणं म्हणजे सरळ फसवणूक. "किसने निकाला?" त्याने विचारलं. माणसं गोळा झाली. चाचा माझ्या शेजारीच उभे होते.

मी म्हणालो, "नहलाया तो चाचा ने है."

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि त्याहून नीच वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही.

चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग परीक्षकाला म्हणाले, "जी, धोते वक़्त टूट गया होगा. उम्र हो गई है." धुताना पीस मुळापासून निघत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. "चाचा भी?" मागून कोणीतरी म्हणालं. मी नराला पिंजऱ्यात घालायला वाकलो. त्या दिवसानंतर त्यांना कोणी पक्षी दाखवायला गेल्याचं मी ऐकलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी लाजेपायी त्यांना फोन केला नाही. त्यांनीच केला. "बेटा, नहलाने कब आऊँ?"

"इस साल प्रदर्शनी में नहीं उतार रहा, चाचा," मी म्हणालो. फोन ठेवला, बादलीत कोमट पाणी काढलं आणि प्रदर्शनासाठी नराला स्वतःच धुवायला घेतलं.