बगळ्यांचा मिशीवाला आणि झुलेखाभाभींचा हॉल

कुवेतच्या फिंतासमध्ये गफूर पारकरांना ओळखत नाही असा मराठी माणूस सापडला, तर तो कालच विमानातून उतरला असं खुशाल समजावं. शहराबाहेरच्या राई या दुकानांच्या भागातल्या एका बाथरूम-फिटिंगच्या शोरूमचे ते मॅनेजर. पण ही ओळख त्यांनी स्वतःहून कधी कुणाला सांगितली नाही. त्यांची ओळख डोक्यावर असते. निळी टोपी, पुढे पांढरा बगळा. उन्हाने ती इतकी विटली आहे की बगळा कुठे संपतो आणि टोपी कुठे सुरू होते, हे जवळ जाऊन पाहावं लागतं. शक्यतो जवळ जाऊ नये. गेलात की बेसबॉल सुरू होतो.

आता दापोलीच्या माणसाला बेसबॉल चावला कुठे? तर इथेच. तरुणपणी ते अमेरिकन छावणीच्या मेसमध्ये कामाला होते. भिंतीवर चार टीव्ही, चारींवर बेसबॉल. अंड्यांचे ट्रे भरता भरता मान वर, आणि मान वर ती वरच. तिथल्या एका सार्जंटने त्यांना खेळ समजावला आणि बदली झाल्यावर जाताना टोपी देऊन गेला. माणूस गेला, व्याधी राहिली. अमेरिकन टीमांची लांबलचक नावं गफूरभाईंनी कधी मनावर घेतली नाहीत. टोपीवर जे चित्र तेच नाव. स्वतःची टीम बगळे. बाकी मग अस्वलवाले, मोजेवाले, पिवळे. आणि त्या एवढ्या मोठ्या लीगमध्ये हरण्यासाठी जन्माला आलेली टीम कुठली असेल, तर ती बगळ्यांचीच.

कुवेती लोकांकडे दिवाणिया असतो. पुरुषांनी बसायची मोठी खोली, चहा, खजूर आणि जगाच्या कारभारावर शेवटचा शब्द. गफूरभाईंकडे दिवाणिया नव्हता, हॉल होता. शुक्रवारी सकाळी तोच दिवाणिया व्हायचा. अमेरिकेत गुरुवारी संध्याकाळी मॅच, म्हणजे इथे ऐन झोपेची वेळ. म्हणून रेकॉर्डिंग शुक्रवारी नाश्त्याला लावायचं आणि जुम्म्याच्या नमाजाआधी संपवायचं. पिचरने किती सेकंदांत चेंडू टाकायचा याचं घड्याळ लीगने सुरू केलं, तेव्हा मॅचेस आटोपशीर झाल्या. हे आपल्या जुम्म्यासाठीच केलं, यावर गफूरभाईंचा ठाम विश्वास आहे.

मंडळी दोनच, पण आवाज दहा जणांचा. वरच्या मजल्यावरचे हरिश्चंद्र जाधव, मूळचे परभणीचे, हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. समोरच्या फ्लॅटमधले डॉक्टर अरुणकुमार, पुण्याचे, दातांचे. डॉक्टर दर वर्षी टीम बदलत. आदल्या वर्षी जी जिंकली ती त्यांची. याला ते अभ्यास म्हणत.

दिवाणियाचे नियम कडक. मॅचआधी कुणी निकाल पाहायचा नाही. आल्या आल्या फोन काढून गफूरभाईंच्या बायकोच्या, झुलेखाभाभींच्या मोठ्या प्रेशर कुकरात टाकायचे आणि वर झाकण. टीव्हीच्या खालच्या कडेला काळी चिकटपट्टी, कारण मॅचचं नाव तिथे येतं आणि नावाबरोबर कधीकधी निकालही. आणि यादीतून मॅच निवडायचं काम हरीभाऊंचं, तेही डोळे किलकिले करून. बगळा आणि समोरच्याचं चित्र शेजारीशेजारी दिसलं की बटण दाबायचं, जास्त वाचायचं नाही. मराठवाड्याचा माणूस प्रामाणिक असतो, हे गफूरभाईंनी त्यांच्यावर लादलेलं मत.

या सगळ्यात झुलेखाभाभी कुठे? स्वयंपाकघरात, घावन्यांच्या तव्यापाशी. आठवडाभर पॉलिक्लिनिकच्या रिसेप्शनवर लोकांच्या सिव्हिल आयडीचे नंबर टायपायचे आणि सुट्टीच्या दिवशी तीन बाप्यांना खाऊ घालायचं. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत असताना त्यांनी विषय काढला.

"निदाचे अब्बा, माजा हॉल मना परत पायजे."

"हॉल कुठे गेलाय? हा काय."

"जुम्म्याच्या सकाळचो. मना सोफ्यावर पाय पसरून बसायचं हाय. माज्या क्लिनिकातली सुखदा येल, तारा येल. आमी पण माणसं हावत."

गफूरभाईंनी दोस्तांकडे पाहिलं. दोस्तांनी वाटीत पाहिलं.

"अगं, सीझन तोंडावर आलाय!"

"मग तुमच्या सीझनवरच ठरवू," भाभी म्हणाल्या. "तुमच्या बगळ्यांनी पहिल्या तीन जुम्म्यांत एक तरी मॅच जिंकली, तर हॉल तुमचो. पुढच्या ईदपर्यंत मी तोंडातून चकार शब्द काढणार नाय, घावने गरम येतील. तिन्ही हरले, तर हॉल माजो. डॉक्टर साक्षीला हायत."

डॉक्टर साक्षीला राहिले. गफूरभाईंनी मान हलवली, कारण टोपी डोक्यावर असताना बगळ्यांवर अविश्वास दाखवणं त्यांना शक्य नव्हतं. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी हिशेब मांडला. हॉल गेला तर बसायचं कुठे? हरीभाऊंच्या खोलीत चौघे भाडेकरू. डॉक्टरांकडे पांढरा गालिचा आणि त्यावर पाऊलही पडू न देणाऱ्या बाई. शुक्रवार गेला तर गफूरभाईंकडे उरणार काय? कमोड.

पहिल्या शुक्रवारी मॅचपेक्षा बातम्याच जास्त झाल्या. हिवाळ्यात लीगमध्ये बरीच उलथापालथ झाली होती. बगळ्यांच्या मोठ्या पिचरचं कोपर गेलं होतं.

"दीड महिना," गफूरभाई म्हणाले. "दीड महिन्यात उभा राहतो बघा."

"काय सांगायलात गफूरभाई! कोपराचा लिगामेंट हाय तो," हरीभाऊ म्हणाले. "मी रोज कोपरं बघतो. पुरतं वरीस जातंय."

"तुम्ही बघता ती शुवेखच्या वर्कशॉपांतल्या नळवाल्यांची कोपरं. हे कोट्यवधीचं कोपर आहे."

"कोपर ते कोपर!"

"आणि मिशीवाला?" डॉक्टरांनी हळूच मीठ चोळलं. "मिशीवाल्याची काही खबर?"

गफूरभाईंनी टोपी डोळ्यांवर ओढली. मिशीवाला म्हणजे बगळ्यांचा रामिरो. झुपकेदार मिशा, पोट थोडं पुढे, पण बॅट हातात घेतली की चेंडू प्रेक्षकांत. डिसेंबरात बगळ्यांनी त्याला अस्वलवाल्यांना देऊन टाकला. ती बातमी आली त्या दिवशी गफूरभाई जेवले नव्हते. भाभींनी बिर्याणी केली होती, तरी नाही. अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. हारिस, म्हणजे आमच्या बिल्डिंगचा राखणदार, तो तर "पारकरसाब के घर में कौन गुज़र गया?" असं विचारून गेला होता.

"गेला तो गेला," गफूरभाई खोल आवाजात म्हणाले. "त्याचं नाव या घरात काढायचं नाही."

पहिली मॅच बगळे हरले. दुसऱ्या शुक्रवारी तर असे हरले की डॉक्टरांना पाचव्या इनिंगला डुलकी लागली आणि कुणी उठवलं नाही. स्वयंपाकघरातून भाभींचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं. त्या आठवड्यात त्यांनी सोफ्याला नवीन कव्हरं आणली. फुलाफुलांची. 

तिसरा शुक्रवार. समोर नेमके अस्वलवाले. फोन कुकरात गेले, चिकटपट्टी नवी लागली. कॉमेंट्रीवाले बोलता बोलता काही फोडतात म्हणून आवाज बंद. हरीभाऊंनी डोळे इतके बारीक केले की डॉक्टरांना वाटलं, माणूस झोपला. बगळा दिसला, अस्वल दिसलं, बटण दाबलं.

आणि मैदानावर पहिला कोण यावा? बगळ्यांचा मोठा पिचर!

"पाहिलंत?" गफूरभाई ताडकन उठले. "पाहिलंत का हरीभाऊ? म्हणे पुरतं वरीस!"

हरीभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा पुसला. "कसं काय करायलाय हा? म्हणजे... अमेरिकेत फिजिओथेरपी चांगली हाय."

"मी म्हणालोच होतो," डॉक्टर म्हणाले. ते काहीच म्हणाले नव्हते.

अस्वलवाल्यांची एक धाव पुढे. मग बगळ्यांनी बरोबरी केली. पुन्हा अस्वलवाले पुढे. आठव्या इनिंगपर्यंत गफूरभाईंनी घावन्याला हात लावला नव्हता आणि टोपी तीनदा उलटी फिरवून सुलटी केली होती. नववी इनिंग, बगळ्यांची शेवटची पाळी, एक जण बेसवर, म्हणजे चेंडू प्रेक्षकांत गेला तर दोन धावा आणि मॅच खिशात. राखीव बाकावरून एक खेळाडू उठला. बॅट खांद्यावर, पोट जरा पुढे. चेंडू आला. बॅट फिरली. चेंडू वर गेला, अजून वर गेला, आणि प्रेक्षकांत जाऊन पडला.

"मिशीवाला!" गफूरभाई ओरडले. "मिशीवाला! माझा मिशीवाला!"

हरीभाऊ गफूरभाईंच्या गळ्यात, डॉक्टर हरीभाऊंच्या गळ्यात. नव्या कव्हरावर चहा सांडला. "हॉल आपला!" असं दोनदा म्हणून झालं. तिसऱ्यांदा म्हणताना गफूरभाईंचा हात हवेतच थांबला.

हरीभाऊ मुकाट्याने खाली बसले आणि रिकाम्या कपातून चहा पिऊ लागले.

स्वयंपाकघराच्या दारात उलथणं हातात घेऊन भाभी उभ्या होत्या.

"मिशीवालो?" त्यांनी विचारलं. "तो तर डिसेंबरातच मेलो होतो ना तुमचो? मी बिर्याणी हारिसला दिलेली."

 डॉक्टरांनी वाकून चिकटपट्टी नखाने सोलली. खाली तारीख होती. एप्रिल तोच, साल मागचं. गेल्या वर्षीची तीच जोडी. तेव्हा अख्खा दिवाणिया निदाच्या लग्नाला दापोलीत पुलाव खात होता, म्हणून ही मॅच कुणीच पाहिली नव्हती.

"तांत्रिकदृष्ट्या," डॉक्टरांनी घसा साफ केला, "अट अशी होती की तीन जुम्म्यांत एक मॅच जिंकली पाहिजे. कुठल्या वर्षीची, हे भाभी बोलल्या नव्हत्या. मी साक्षीदार आहे."

"डॉक्टर, तुमी लोकांचे दात असेच काढता का?" भाभी म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "तुमी सांगा. जिंकले का?"

गफूरभाईंनी टोपी काढली. टोपीखालचं टक्कल दोस्तांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"नाय," ते म्हणाले. "तो आपला राहिलेला नाय."

"मग खरी मॅच अजून बाकी हाय," भाभी म्हणाल्या. "नमाजाला जा. आल्यावर लावा. आज मी पण बघणार."

गफूरभाई मशिदीत गेले. तिथे त्यांनी काय मागितलं ते विचारू नये. तोपर्यंत कुकर मांडीवर घेऊन भाभी सोफ्याच्या मधोमध बसल्या होत्या आणि दोन्ही पाहुणे समोर शाळेतल्या पोरांसारखे.

जेवणं झाल्यावर मॅच निवडायला भाभींनी स्वतः रिमोट घेतला. डोळे उघडे ठेवून साल वाचलं, निकालाच्या जागेवर तळहात ठेवला. खेळ सुरू झाला आणि त्यांचे प्रश्नही.

"हा का पळाला? चेंडू तर तिकडं गेलाय."

"बेस चोरला त्याने."

"सगळ्यांसमोर? आणि कुणी काय बोलत नाय?"

"त्यालाच शाबासकी देतात, भाभी," हरीभाऊ म्हणाले. आज पिचर दुसराच होता, त्यामुळे त्यांच्या जिवात जीव आला होता. "मी म्हणलो नव्हतो, पुरतं वरीस!"

आणि चमत्कार असा, की बगळे पुढे होते. आठव्या इनिंगपर्यंत एका धावेने पुढे. गफूरभाईंनी टोपी पुन्हा चढवली. भाभींचं गुणगुणणं बंद झालं. त्यांनी फुलाफुलांच्या कव्हरावरून एकदा हात फिरवला, निरोप घ्यावा तसा.

नवव्या इनिंगला अस्वलवाल्यांची पाळी. दोघे बाद, एक जण बेसवर. आणखी एक बाद झाला की मॅच बगळ्यांची आणि हॉल गफूरभाईंचा. तेवढ्यात नवा बॅटर आला. टोपीवर अस्वल, पण मिशा त्याच. पोटही तेच.

गफूरभाई सोफ्याच्या कडेवर आले. "आऊट हो," ते दातांतून म्हणाले. "आऊट हो रे बाबा. एवढी एक वेळ आऊट हो."

चेंडू आला. बॅट फिरली. आवाज बंद असूनही तो टोला सगळ्यांना ऐकू आला. चेंडू वर गेला, अजून वर, आणि प्रेक्षकांच्या हातात पडला.

"मिशीवाला!" गफूरभाई उभे राहून ओरडले. दोन्ही हात वर, टोपी पंख्याला लागून खाली. "काय मारला! काय मारला माझ्या वाघाने!"

 हरीभाऊ आणि डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. आपण कशासाठी नाचतोय हे कळायला गफूरभाईंना जरा वेळ लागला. कळलं तेव्हा हात आपोआप खाली आले.

भाभींनी कुकर उघडला आणि ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या हातात दिला. मग सोफ्यावर आडव्या होऊन त्यांनी पाय लांब पसरले. फार लांब.

"चहा कोण करतंय?" त्यांनी विचारलं.

चहा गफूरभाईंनी केला. चांगला झाला होता, असं म्हणतात.

पुढच्या शुक्रवारी सकाळी राईमध्ये सगळी शटरं खाली होती. एकाच शोरूमचं अर्धं वर होतं, कारण किल्ली मॅनेजरकडे असते. आत नव्या मालाच्या रांगेत डॉक्टर अरुणकुमार एका इटालियन कमोडवर, झाकण लावून, ताठ बसले होते. हरीभाऊंनी कोपऱ्यातला बाथटब पकडला होता. पाठीला उशी, पोटावर घावन्यांचा डबा. घावने गार होते, पण आले होते, हे काय कमी? जाहिरातीच्या टीव्हीवर नळांऐवजी बगळे दिसत होते, आणि नेहमीप्रमाणे मागे होते. फोन एका कोरड्या फ्लश टँकमध्ये.

आठवी इनिंग नुकतीच संपली आणि टँक वाजू लागला. नियमाप्रमाणे घ्यायचा नव्हता. पण वाजायचा थांबेना, तेव्हा गफूरभाईंनी झाकण काढून पाहिलं. झुलेखा.

"काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"काय नाय," भाभींचा आवाज आला. मागे सुखदा आणि तारा कुणावर तरी ओरडत होत्या. "एवढंच सांगायचं होतं, घरी आलात की तोंड बंद ठेवा. आमी चहाला थांबलो होतो. अजून सातव्या इनिंगलाच हावत."