सुई द्यायची नाही

डॉक्टर ताहेरा मॅडमचा राग अख्ख्या साताऱ्याला माहीत आहे. मी त्यांच्या वॉर्डातली सिस्टर, रोज बोलणी खाणारी, तेव्हा मी सांगते ते खरं माना. हात न धुता पेशंटला शिवलेल्या बड्या सर्जनला त्यांनी नातेवाइकांसमोर झाडलं होतं. तेव्हा मात्र मला बरं वाटलं होतं.

माणमधला नानासो मेंढपाळ बारीक तापाने पार झिजून आमच्याकडे आला. मॅडमनी छाती तपासली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. हृदयाच्या झडपेवर जंतू बसले असावेत. जंतू कोणता ते रक्तातून कळणार, आणि ते कळल्याशिवाय नेमकं औषध देता येणार नाही. पण गावात मिळेल ती सुई टोचून घेतल्यामुळे रक्तातले जंतू दबले होते, तपासणीत काही उगवेना.

"एक-दोन दिवस धोका नाही," मॅडम मला म्हणाल्या. "अंगातलं औषध उतरू दे, मग परत रक्त घेऊ. तोवर सुई द्यायची नाही." आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

नानासोची बायको धोंडुबाई उशाशी बसून बघत होती. सगळ्यांना सुया, आपल्याच माणसाला नाही. तिने कळ काढली, काढली, आणि मग मी रक्त घ्यायला गेले तर नानासोच्या दंडावर ताजी टोचलेली जागा. पिशवीतून बाटली निघाली. मेंढरांचं औषध.

मॅडमचा आवाज खालच्या मजल्यावर गेला. "जनावराची सुई? मारायचंय का याला? सगळं पाण्यात घातलंस!"

धोंडुबाई उठून उभी राहिली. रागाला तीही काही कमी नव्हती.

"आवं, वरडताय कुनावर? सुई दिली न्हाई, का देत न्हाई ते बी कुनी सांगितलं न्हाई. आमच्या वस्तीवर मेंढरांचा डॉक्टर येतो, मानसांचा येत न्हाई. मेंढरं ज्यानं उठत्यात ते मी मानसाला बी देनार. मालक मरंस्तोवर गप बसू व्हय?"

मॅडम स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिला एका बैठकीत समजलं.

पुन्हा थांबणं आलं. या वेळी नानासोचा मेहुणा जयराज "पेशंट वाऱ्यावर सोडलाय" म्हणत भांडायला आला, तर धोंडुबाईनेच त्याला वॉर्डाबाहेर हाकलला.

जंतू सापडला, औषध लागू पडलं, ताप उतरला. पण त्या वाया गेलेल्या दिवसांत झडप फाटली होती. नानासोला आता मेंढरांमागे डोंगर चढता येणार नाही. दोन वाक्यं बोलायला काय धाड भरली होती? मला संताप येतो तो मॅडमचा, त्या बाईचा नाही.

घरी सोडताना मॅडम गोळ्यांवरून बजावू लागल्या आणि सवयीने आवाज चढला.

धोंडुबाईने पिशवी काखेत घेतली. "रागवा की, मॅडम," ती म्हणाली. "पर आदी सांगा, आन् मग रागवा."