वाढली म्हणायचं नाही

आमच्या घरी काही फुटत नाही, सगळं वाढतं. नारळ वाढवतात, बांगडी वाढते, आणि सानपाड्याच्या बाजारात आईचं मंगळसूत्र तुटलं तेव्हा तेही वाढलंच होतं. चुकून 'फुटली' म्हटलं की आई डोळे वटारते. पानात वाढणंही तिच्याकडेच. बाबा दोन पोळ्यांवर उठायला लागले की तिचं सुरू, "अजून एक वाढू?"

मग बाबांच्या दंडांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. बेलापूरच्या ऑफिसातून रिटायर झालेला, दिवसभर खुर्चीत पेपर वाचणारा माणूस आपटणार तरी कुठे? त्यात तापही येऊन हटेना म्हणून रक्त तपासलं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "पांढऱ्या पेशी फार वाढल्यात."

आईचा चेहरा उजळला. "म्हणजे चांगलंच ना? पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक. हिच्या शाळेच्या पुस्तकात होतं."

डॉक्टर हसले असते तर मीही हसले असते. त्यांनी कागदावर हाडाचं चित्र काढलं. हाडाच्या आत मगज असतो, मटणाच्या नळीत असतो तसाच. तिथल्या मूळ पेशींपासून सगळं रक्त घडतं: लाल पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट. घडता घडता त्यातली एखादी पेशी बिघडते. तिची पिल्लावळ मोठी होत नाही, कामाला लागत नाही, वेळेवर मरतही नाही, नुसती वाढते. मग चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. म्हणून थकवा, म्हणून डाग. याला रक्ताचा कॅन्सर म्हणतात.

"पण यांना सुपारीचंसुद्धा व्यसन नाही हो," आई म्हणाली. "माझ्याच हातचं खातात."

"तुमचं कुणाचं काही चुकलेलं नाही, काकू."

याने तिला धीर यायला हवा होता. ती उलट खचली. चुकलं असतं तर सुधारता तरी आलं असतं.

केमो सुरू झाली आणि आत्या फोन करून रोज सांगायला लागली, बीट दे, डाळिंब दे, रक्त वाढेल. एकदा मी तिच्यावर ओरडले, "वाढलंय तेच तर नकोय गं!" बिचारीने फोन ठेवून दिला. तिचं काय चुकलं होतं? पण मी रागवायचं तरी कुणावर? ती बिघडलेली पेशीही बाबांचीच, त्यांच्याच हाडात जन्मलेली.

काही आठवड्यांनी हाडातला मगज तपासला. दुपारी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा बाबा आत झोपले होते आणि आई भांडी घासत होती.

"काय म्हणाले?" तिने पाठमोरंच विचारलं.

"कमी नाही झाल्या. वाढल्यात."

ती एकदम वळली आणि तिचा हात नळावर आपटला. हिरव्या काचा सिंकमध्ये पडल्या. मी सवयीने म्हणाले, "आई, बांगडी वाढली."

"फुटली म्हण," आई म्हणाली. "फुटली म्हण गं."